मारुतीच्या दिव्याचा दांडा

तोंडाला लगाम नसणं हा माझा जुना रोग. कनेरगाव नाक्याजवळ रस्त्याकडेला एक छोटा मारुती आहे. एका शनिवारी त्याच्यापुढं उभा राहून मी रागाच्या भरात बोलून गेलो, की ही गाडी पुन्हा रस्त्यात अडली तर तुझी शपथ, भंगारात घालीन. आदल्याच दिवशी तिचा क्लच बसला होता आणि मी दिवसभर उन्हात तळलो होतो. बायको शेजारीच दिव्यात तेल ओतत होती, तिचा हात थांबला. देवापुढं असं बोलत नसतात, एवढंच ती म्हणाली. खरं सांगतो, देवावर माझा फारसा भरवसा नव्हताच. वीस वर्षं दर शनिवारी मी तिथं थांबायचो ते तिच्यासाठी. ट्रकवर मात्र जीव होता. आमची थोरली त्या केबिनमध्येच बोलायला शिकली.

मंगळवारी हळदीचे कट्टे भरून आम्ही दोघं हिंगोलीकडे निघालो. भर दुपार होती. रस्ता उन्हात पाण्यासारखा हलत होता, केबिनभर हळदीचा वास भरला होता आणि बायकोला डुलकी लागली होती. मलाही आपण गाडी चालवतोय की गाडी आपल्याला कुठं नेतेय ते कळेनासं झालं होतं. तेवढ्यात मारुतीजवळच्या चढावर मागून खाटकन आवाज आला. इंजिन ओरडत राहिलं आणि गाडी मागं सरकू लागली. मी ब्रेक दाबून धरला, बायकोनं उडी मारून चाकांमागं दगड लावले. गाडी गिअरात ठेवून मी खाली वाकलो, तर इंजिनकडून मागं येणारा लांब दांडा गरागरा फिरत होता आणि चाकं ढिम्म. म्हणजे मागचा एक्सल गेला. चाकाला फिरवणारा पोलादी दांडाच आत कुठंतरी तुटला होता.

चाकाच्या मधले नट खोलून दांड्याच्या टोकाची गोल थाळी ओढली, तर तिच्याबरोबर दांडा अर्धाच हातात आला. उरलेला तुकडा तारेचा फास करून बाहेर काढला आणि तुटलेली जागा बघत बसलो. कडेनं सगळीकडे काळपट गंज होता, म्हणजे चीर कित्येक महिने वाढत आली होती. फक्त मधोमध अंगठ्याएवढी जागा नव्यासारखी चमकत होती. तेवढ्याशा लोखंडावर बिचारी आजवर आम्हाला ओढत होती, आणि मी तिला शिव्या घालत होतो. माझे डोळे भरून आले. हिंगोलीच्या दुकानदाराला फोन केला, तर तो हसून म्हणाला, इतक्या जुन्या गाडीचा एक्सल आता भंगारातच बघा. भंगार म्हटल्याबरोबर शपथ आठवली.

मारुतीचा ओटा झाडणारी एक म्हातारी तिथंच लिंबाखाली शेळ्या राखत बसली होती. ती सावकाश उठून आली आणि माझ्या हातातल्या थाळीकडे बघत राहिली.

"हे तर आमच्या मारुतीच्या दिव्यावानी हाय की."

मी वळून बघितलं. ओट्याजवळ जुन्या दगडी उखळात एक दांडा रोवलेला होता, वर गोल थाळी, थाळीत दिवा. शेंदूर आणि काजळीचे थर चढलेले. वीस वर्षं मी, गाड्या खोलणारा माणूस, त्या दिव्यापुढं उभा राहत आलो आणि दांडा कधी ओळखला नाही. म्हातारीनं सांगितलं, तिच्या नवऱ्याचाही असलाच ट्रक होता. गाडी विकावी लागली तेव्हा त्यानं जास्तीचा म्हणून जवळ ठेवलेला हा एक्सल देवाला वाहिला होता. शेंदूर खरवडून मी थाळीची भोकं मोजली, तुटक्याची लांबी लावून बघितली. बराबर. उखळातलं टोक काढलं तर शनिवारच्या तेलात भिजून त्यावरचे, गिअरात अडकणारे दाते जसेच्या तसे, गंजाचा ठिपका नाही.

न्यायचा का, हे मात्र तिनं मला ठरवू दिलं नाही. तिनं देवाला कौल लावला: रुईचं ओलं पान उजव्या खांद्याला चिकटवलं, ते आपसूक गळालं तर देवाचा होकार, आणि आम्ही तिघं पानाकडे बघत बसलो. किती वेळ गेला सांगता येत नाही. शेळ्याही थांबल्यासारख्या वाटल्या. मग पान गळून पडलं. वारा होता असं कुणी म्हणालं तर मी भांडणार नाही. ज्याच्यापुढं मी शपथ घेतली, त्यानंच आपला दांडा काढून दिला, एवढंच मला कळलं. बायको रडत होती आणि मीही.

उन्हं कलायच्या आत एक्सल बसला, गाडी चढ चढून उभी राहिली. मला रिकाम्या उखळाची लाज वाटत होती. तुकडे जोडून, घासूनपुसून आणून देतो, असं मी म्हणालो.

"तुटकंच राहू दे, लेकरा," म्हातारी म्हणाली. "देवाला कुठं गाडी ओढायचीय?"

मग आमच्याच तुटक्या एक्सलचा थाळीकडचा अर्धा दांडा मी उखळात रोवला. आता शनिवारी बायकोच्या आधी मी उतरतो, त्या तुटक्यावर दिवा लावतो. शपथ घेत नाही, गाडीसाठी काही मागतही नाही. माझ्याही आत कुठं कुठं चिरा पडल्या असतील, त्या मला दिसत नाहीत. हात जोडून एवढंच म्हणतो, मारुतीराया, मधलं अंगठ्याएवढं तू धरून ठेव. आणि सुटलंच कधी, तर या दांड्यासारखं मलाही इथंच दिव्याखाली उभं कर.