आभारातलं नाव

जर्नलच्या संपादकाचं नकाराचं पत्र आलं की साळवे मॅडम आधी डबा खायच्या. ई-मेल छापून घ्यायच्या, घडी घालून पर्समध्ये ठेवायच्या आणि भाकरी, कालवण, कांदा असं सगळं सावकाश संपवून, हात धुऊन मगच कागद उघडायच्या. "उपाशीपोटी संपादकाला उत्तर द्यायचं न्हाई," त्या म्हणायच्या. "भुकेचा राग त्याच्यावर निघतो."

भोरच्या आमच्या कॉलेजात त्या प्राणिशास्त्र शिकवत. मूळच्या भोंगवलीच्या. पीएच.डी. झाली, तीस वर्षं नोकरी झाली, पण बोलणं गावचंच राहिलं. मी त्याच विभागात, त्यांच्याहून पंधरा वर्षांनी लहान, समोरच्या टेबलावर. त्या लाल आणि निळं अशी दोन पेनं घेऊन पत्र वाचायच्या. लेख तपासणाऱ्या परीक्षकाचं म्हणणं खरं असेल तिथे लाल रेघ, नुसता माज असेल तिथे निळी. "निळं सोडा. लाल तेवढं आपलं," म्हणत एकेका लाल रेघेला उत्तर लिहायच्या. चूक असेल तिथे 'चूक झाली' असं सरळ लिहून मोकळ्या व्हायच्या.

आम्ही बाकीचे काय करायचो ते सांगायलाही लाज वाटते. आधी संपादकाचा उद्धार, मग 'गावाकडच्या कॉलेजला कोण विचारतं' हे रडगाणं आणि संध्याकाळच्या आत तोच लेख, एक अक्षर न बदलता, दुसऱ्या जर्नलला. मी एकदा इतक्या घाईत पाठवला की सोबतच्या पत्रात आधीच्याच संपादकाचं नाव राहिलं. खाली 'आपल्याच जर्नलमध्ये छापून यावं ही फार दिवसांची इच्छा' वगैरे होतंच. मॅडम पोट धरून हसल्या. "दुसरीला मागणी घालताना पहिलीचं नाव घेतलंत की वो!" पुढे एका परीक्षकानं स्वतःचे सहा लेख संदर्भात घाला असं सुचवलं आणि मी मुकाट सहाही घातले. वाचला एकही नव्हता. तेव्हा मात्र त्या हसल्या नाहीत. या सगळ्या प्रकाराची मला किळस येते, पण मी त्यातलाच होतो.

मॅडमचं काम होतं शेतातल्या खेकड्यांवर. वेल्ह्याकडे त्यांना मुठे म्हणतात. राजगडाखाली गुंजवणे गावात धोंडाबाई नावाच्या साठीच्या बाई होत्या. धरणाचं पाणी चढायच्या आधी मुठे खालच्या बांधातली बिळं सोडून वरच्या बांधाला जातात, हे त्यांनीच मॅडमना सांगितलं. नुसतं सांगितलं नाही, चार पावसाळे रोज बांधावर फिरून दाखवलं. नव्या बिळाशी निरगुडीची काडी उभी रोवायची, सोडलेल्या बिळाशी आडवी ठेवायची. मॅडम दर रविवारी एसटीनं जाऊन काड्या बघून वहीत उतरवायच्या. कधीमधी मीही जायचो. धोंडाबाई मला मुठ्यांचं कालवण आणि भाकरी वाढायच्या.

लेखावर पहिलं नाव मॅडमचं, दुसरं धोंडाबाईंचं, तिसरं माझं. माझं काम फक्त जर्नलच्या वेबसाइटवर फाइल चढवण्याचं. मॅडमना ते जमत नसे, म्हणून खातं माझ्याच नावाचं होतं. दोनदा नकार आला, दोनदा लाल रेघा झाल्या. तिसऱ्यांदा एका चांगल्या जर्नलच्या संपादकानं कळवलं की लेख घेतो, पण दुसऱ्या लेखिकेला ना पदवी, ना संस्था, ना ई-मेल. त्यांचं नाव काढा आणि शेवटी आभार माना.

मॅडम तेव्हा परीक्षेच्या कामावर बाहेरगावी होत्या. माझ्या बढतीच्या फाइलला एक लेख कमी होता आणि मुलाखत महिन्यावर आली होती. मी त्यांना विचारलं नाही. धोंडाबाईंचं नाव काढलं, आभारात एक ओळ टाकली आणि 'आपली सूचना योग्यच आहे' असं लिहून पाठवून दिलं. पाच मिनिटं लागली असतील.

स्वीकारल्याचं पत्र मॅडमनाही गेलं. त्या आल्या आणि एवढंच म्हणाल्या, "रविवारी गुंजवण्याला यायचं. बाईंना तुमीच सांगायचं."

धोंडाबाई बांधावर गवत कापत होत्या. मी नियमांचं काहीबाही सांगितलं. शेवटी म्हणालो, "पण तुमचे आभार मानलेत हो, छापून येणार आहेत."

त्यांनी विळा खाली ठेवला. "आबार कशाचं? म्या काय च्या पाजला व्हय तुमास्नी? मुठं मोजल्यात म्या."

मी मॅडमकडे पाहिलं. त्यांनी मला सोडवलं नाही.

परतीच्या एसटीत त्या म्हणाल्या, "त्या संपादकानं ह्या बाईला कदी बघितलं न्हाई. तुमी तर तिच्या हातची भाकरी खाल्ली." इतक्या वर्षांत त्यांनी मला लावून बोललेलं एवढंच. पण अजून आठवलं की स्वतःची शिसारी येते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तो स्वीकारलेला लेख परत मागवला. त्यांची स्वतःची बढतीही त्याच लेखावर अडली होती, हे मला नंतर ऑफिसात कळलं. त्या होत्या त्याच पदावरून निवृत्त झाल्या.

निवृत्तीनंतर एका लहान जर्नलनं लेख घेतला. तिथे प्रत्येक लेखकानं काय काम केलं ते एका ओळीत लिहून द्यावं लागतं. धोंडाबाईंची ओळ मॅडमनी फोनवर विचारून घेतली: 'चार पावसाळे बिळं मोजली.' मग मला फोन केला. आवाजात राग नव्हता. "सर, तुमची ओळ काय लिहू?"

मी आठवडाभर कागद पुढे घेऊन बसलो आणि शेवटी कळवलंच नाही. लेख दोन नावांनी छापून आला. स्टाफरूममध्ये कुणी विचारलं, तर मी सांगतो की माझं नाव मीच काढायला लावलं, तत्त्व म्हणून.