‘खाली’ म्हणजे कुठे

मुळशीच्या जलाशयावर आठवड्यातून दोन दिवस मी मुलांना शिडाची बोट चालवायला शिकवतो. शाळेतली भूगोलाची नोकरी संपल्यावर हे काम माझ्याकडे आले. बोट लहान आहे. मला धरून पाच माणसे मावतात. तिच्या पोटाखाली शिशाने जड केलेला उभा पंखा असतो, त्याला किल म्हणतात. किलमुळे बोट बरीच कलली तरी सहसा उलटत नाही. हे मी पहिल्याच दिवशी फळ्यावर आकृती काढून समजावतो, कारण पाण्यावर गेल्यावर कलणे दिसते आणि किल दिसत नाही.

आज्ञाही मीच ठरवल्या. इंग्रजी आज्ञा मुलांना पाठ होतात, कळत नाहीत. म्हणून दोनच मराठी शब्द घेतले. वारा येतो ती बाजू ‘वर’, वारा जातो ती ‘खाली’. ‘खाली’ म्हटले की सुकाणू धरणाऱ्याने बोटीचे नाक वाऱ्यापासून दूर वळवायचे. या व्याख्येत कुठे फट राहिली असेल, असे मला वाटले नव्हते.

या वर्षीच्या तुकडीत तीन मुले हिंजवडीच्या सोसायट्यांतली होती आणि एक मुलगी काठावरच्या गावची, बारावीतली. चौघांतून एकाला उन्हाळी शिबिरासाठी साहाय्यक निवडायचे होते. “सर, मला हितंच काम पायजे,” तिने मला सांगून ठेवले होते. “आईवानी रोज उरवड्याच्या कंपनीत जायचं न्हाई मला.” निवड माझ्या वहीवर अवलंबून होती, आणि वहीचा एक नियम होता: हेतुपुरस्सर आज्ञाभंगाच्या तीन नोंदी झाल्या की नाव बाद.

थंडीभर तिच्यासारखे सुकाणू कोणी धरले नाही. फेब्रुवारी सरता सरता मात्र ती बिघडली. मी ‘खाली’ म्हणावे आणि तिने बोट थेट वाऱ्यात घुसवावी. शीड फडफडे, बोट जागीच थांबे. चुकलेला विद्यार्थी शिक्षकाकडे पाहतो, हे मी इतक्या वर्षांत शिकलो आहे. ती पाहत नसे. शांतपणे ताम्हिणीच्या डोंगराकडे तोंड करून बसे. मी वहीत ‘हेतुपुरस्सर’ असे लिहिले. पुढच्या आठवड्यात पुन्हा लिहिले.

शंका एकदा आली की ती पुरावे गोळा करू लागते. काठावर तिचा चुलता शेळ्या राखत असे. दोन्ही वेळा त्याने काठी उंच धरलेली मी पाहिली होती. आमचे केंद्र त्या काठावर असणे गावातल्या काहींना पसंत नव्हते, हेही कानावर होते. ही खूण तर नसेल? शहरातल्या मुलांसमोर सरांची फजिती करायची, असे तर ठरले नसेल? मी तिच्याऐवजी काठाकडे लक्ष ठेवू लागलो.

तिसऱ्या वेळी दुपार होती. बोट समोरच्या काठाकडे निघाली होती, वारा पश्चिमेचा. मी “खाली” म्हणालो. काठी वर गेली, आणि बोट पश्चिमेला वळून थांबली.

“सर, ताई पुन्हा कोकणात निघाली,” शिडाचा दोर धरलेला मुलगा म्हणाला. “माणगावला वडापाव देणार का, ताई?”

“तू गप. दोर सांभाळ,” ती म्हणाली.

सगळे हसले. मी हसलो नाही आणि, खेद वाटतो, नीट ऐकलेही नाही.

काठाला लागताच मी वही घेऊन चुलत्यासमोर उभा राहिलो. “काठी वर करून तुम्ही तिला काय सांगत होता?”

“तिला?” त्याने मला खालपासून वरपर्यंत न्याहाळले. “शेरडं वळवत व्हतो, मास्तर. खालचं वारं सुटलं की हिकडं पाण्यावर येत्यात.”

“खालचं म्हणजे?”

“खालचं म्हंजे कोकणातलं. खाली अजून काय दुसरं हाय व्हय?”

मी तिथेच वही उघडली. व्याख्या सांगितली त्या दिवशी तिच्या नावापुढे माझ्याच अक्षरात होते: गैरहजर, भाताची झोडणी. आज्ञा ती इतरांचे ऐकून शिकली होती. थंडीत सकाळचा वारा देशावरून, पूर्वेकडून येई. तेव्हा माझे ‘खाली’ आणि तिचे ‘खाली’ दोन्ही कोकणाकडेच होते. वारा फिरला, माझे ‘खाली’ त्याच्याबरोबर फिरले. तिचे जागच्या जागी राहिले.

ती मागे येऊन उभी होती. “बगू, काय लिवलंय.”

मी वही दिली.

“हेतुपुरस्सर म्हंजे?”

“मुद्दाम.”

तिने त्या शब्दावर बोट ठेवले. “मला वाटायचं, तुमीच मुद्दाम करताय. खाली म्हणायचं, आन् गेलं की तोंड पाडायचं. त्या तिघांतलाच कुणीतरी घ्यायचा आसंल.”

“मग विचारले का नाहीस?”

“तुमी इचारलं?”

मी तिला व्याख्या सांगितली आणि म्हणालो की उद्यापासून आज्ञा बदलतील: ‘वाऱ्याकडे’ आणि ‘वाऱ्यापासून’. तिने मान हलवली, पण वही परत केली नाही.

“हे खोडा. माज्यासमोर.”

मी खोडले, शेजारी ‘शिक्षकाची चूक’ असे लिहून सही केली.

“आन् त्याच्या आदीचं?”

तेही खोडले. मग तिने वही पुन्हा पहिल्या पानापासून उलटली, ओळींवर बोट फिरवत, आणखी कुठे काही लिहिलेले राहिले नाही ना, हे पाहत. मी पेन उघडेच ठेवून उभा राहिलो.