‘सारखं’ न लिहिणारी फायगा

माझी आई फायगा, हिला ‘सारखं’ या शब्दाचं वावडं होतं. स्वीडनला आल्यापासून जन्मभर तिने बोरोसच्या कारखान्यात शर्टांना कॉलर जोडल्या. लोंबणारा धागा दिसला की कात्री चालवायची, मग तो पाहुण्याच्या अंगावरच्या शर्टाचा का असेना. म्हातारपणी तीच कात्री तिने लोकांच्या आठवणींना लावली.

दर बुधवारी आमच्या सिनेगॉगच्या, म्हणजे ज्यू प्रार्थनाघराच्या, खालच्या खोलीत नाझी छावण्यांमधून वाचलेल्या बायका जमायच्या आणि आपापली हकीकत लिहायच्या. त्याची पुस्तिका निघणार होती. कॉफी, दालचिनीचे पाव आणि भांडणं, तिन्हींची चंगळ असायची. लिहिण्यात डोरा मावशी सगळ्यांच्या पुढे. ही नात्याची मावशी नव्हे, छावणीत आईच्याच बराकीत होती. एकदा तिने झोकात वाचलं, “रात्र लांडग्यासारखी आमच्यावर झेप घेत होती.”

“लांडगा?” आई म्हणाली. “मला नाही दिसला कधी. कुत्री होती, ती खरीच होती.”

“अगं, लिहिताना असंच म्हणतात!”

“म्हणू देत म्हणणारे. तू तर तिथे होतीस ना?”

“बरं बाई, ते नरकासारखं होतं, एवढं तरी लिहू?”

“नरकात पापी जातात. तू काय केलं होतंस गं, डोरा? शेजारणीचा मुरांबा चोरला होतास?”

सगळ्या खिदळल्या. डोरा मावशीचं नाक फुगलं. “आणि हिचं वाचा! ‘थंडी होती. उभ्या होतो. सूप आलं. सूप संपलं.’ यापेक्षा वाण्याची यादी बरी!”

मावशीचं काही खोटं नव्हतं. आणि त्या पानांत हिंदाचं नावसुद्धा नव्हतं.

हिंदा ही आईची धाकटी बहीण, छावणीतून परत न आलेली. तिचा ना फोटो उरला, ना कबर. आमच्यात मुलांना गेलेल्या माणसाचं नाव देतात, जिवंत माणसाचं कधीच नाही. मी झाले तेव्हा सगळ्यांनी माझं नाव हिंदाच धरलं होतं. आईने नाव ठेवलं लेआ. “तिला मेलेली कुणी पाहिलीय?” एवढंच म्हणाली म्हणे. आता पुस्तिकेतही ती आली नाही, तर आईबरोबर हिंदाही पुसली जाणार होती. मला त्याचा राग यायचा, खोटं कशाला बोलू?

छपाईच्या आदल्या दुपारी मी स्वयंपाकघरात कोरा कागद तिच्यापुढे सरकवला. आई हेरिंग माशाचे काटे काढत होती.

“हिंदाबद्दल एक ओळ लिही.”

“काय लिहू? उंची माझ्या कानापर्यंत. केस तपकिरी. अशा ढीगभर पोरी होत्या.”

“चेहरा कसा होता?”

आई दगडासारखी... नको, ओरडेल मला. आईचा हात माशावरच थांबला.

“आठवत नाही गं, लेआ,” ती म्हणाली. “डोळे मिटले तरी दिसत नाही. फार वर्षं झाली.”

हे तिने आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. मी आपली काहीतरी बोलून गेले. “मग डोरा मावशीलाच सांगते. लिहील ती, चंद्रासारखा चेहरा.”

“चंद्रासारखा!” आई उसळली. “कपाळावर ही एवढी खोक होती! चुलीवर आपटून घेतली होती कार्टीने!”

मला हसू आवरलं नाही. चांगली खदखदून हसले.

एरवी मी हसले की आईला नेमकं काहीतरी काम आठवायचं, उठून ओट्याकडे जायची. माझं हसणं तिला आवडत नाही, असंच मी लहानपणापासून धरून चालले होते. त्या दुपारी ती उठली नाही. माझ्याकडे बघत राहिली. मग हात पुसले, पेन घेतलं आणि लिहिलं, “माझी बहीण हिंदा माझ्या मुलीसारखी हसायची. आधी नाक चुरगळायचं, मग तोंड उघडायचं.”

पेन तसंच हातात धरून म्हणाली, “परत हस बघू. ती डोळे मिटायची की उघडे ठेवायची, तेवढं बघू दे.”

मला रडू फुटलं.

“रडतेस काय?” आई म्हणाली. “रडून मला काय कळणार? हस म्हणते ना!”