चंद्राचा दगड, कडेगाव

“कापायचा न्हाई,” काकी म्हणाल्या आणि टेबलावरचा दगड पुन्हा त्यांच्या पदराखाली गेला.

विश्रामबागेतल्या आमच्या प्रयोगशाळेत दगड येत ते विहिरींचे, खाणींचे. हा मूठभर काळा दगड कडेगावच्या आबा-काकींनी आणला होता. त्यांचा मुलगा फौजेत होता. लडाखमध्येच आजारपणात वारला. त्याची ट्रंक घरी आली, तिच्यात कपड्यांच्या घडीत हा दगड. सोबत्यांना तो सांगायचा म्हणे, चंद्राचा तुकडा आहे.

“पोरगं खोटं बोलणारं नव्हतं,” आबा म्हणाले.

काकींची धास्ती वेगळी होती. “खराच चंद्राचा निघाला तर सरकार न्हेईल का वो, मॅडम?”

साहेबांनी मला बाजूला घेतलं. “थिन सेक्शन केल्याशिवाय रिपोर्ट कसा देणार?” थिन सेक्शन म्हणजे दगडाची कागदासारखी पातळ चकती कापून सूक्ष्मदर्शकाखाली बघणं.

“भिंगावर भागवते, साहेब.”

“आणि नाही भागलं तर?”

“तर माहीत नाही असं लिहीन.”

आबांचं म्हणणं अगदीच अशक्य नव्हतं. चंद्रावरचे काळे डाग म्हणजे थिजलेला लाव्हा. आपला सह्याद्रीही तसाच. दोन्हीकडचा दगड बेसॉल्टच. फरक पाण्याचा. चंद्रावरच्या दगडाला पाणी जवळजवळ लागलेलंच नसतं, म्हणून अब्जावधी वर्षांचा असूनही तो गंजत नाही. या दगडात तांबूस, मातकट ठिपके होते. हा भरपूर पाऊस खाल्लेला गडी होता.

“चंद्राचा नाही,” मी सांगितलं. काकींचे खांदे सैल झाले. आबांनी मात्र मान खाली घातली. मला त्यांच्याकडे बघवेना.

दगडाच्या एका अंगाला पांढरं काही होतं. आपल्याकडच्या दगडांच्या पोकळ्यांत पांढरे स्फटिक असतातच, पण हे चमकत नव्हतं. काकींना विचारून ॲसिडचा थेंब टाकला. फसफसलं. भिंग लावलं तर चुना. एकावर एक दिलेले हात, आणि मधेमधे बारीक लाल रेघ. असले थर कुठलाही ज्वालामुखी देत नाही.

“हा कुणीतरी रंगवलाय. मधलं लाल कुंकू असावं.”

काकींनी त्या पांढऱ्या अंगावर अंगठा ठेवला. मग आबांना म्हणाल्या, “आवं, ह्यो आपल्या पांडवांतला.”

शेतात पाच दगड मांडून त्यांना चुना नि कुंकू लावतात, सुगीला नैवेद्य दाखवतात. तेच पाच पांडव. मुलगा रजा संपवून शेवटचा गेला, तेव्हापासून यांच्या उसाच्या बांधावर चारच होते.

“गुरं राखणाऱ्या पोरांस्नी लय शिव्या दिल्या म्या,” काकी म्हणाल्या आणि पदर डोळ्यांना लावला.

आबा दगडाकडे बघत म्हणाले, “तिकडनं आपलं रान चंद्राइतकंच लांब वाटत असंल त्याला.”

मलाही रडू आलं. प्रयोगशाळेत रडायची सोय नसते, म्हणून भिंग पुसत बसले.

रिपोर्टात लिहिलं: बेसॉल्ट, पृथ्वीवरचा. मूळ ठिकाण कडेगाव, शेताचा बांध. साहेबांनी नेमकं तिथंच बोट ठेवलं. “पुरावा?”

“बाकीचे चार नमुने जागेवर आहेत, साहेब.”

त्यांनी सही केली.

दगड पृथ्वीवरचा की चंद्रावरचा, ते आम्ही सांगू शकतो. कुठल्या बांधावरचा, ते त्याला चुना लावणाऱ्या हातांना विचारावं.