‘येऊन राहिलो’ गाणारा बुवा

आमच्या बँडचा गायक डोळे मिटून गायचा, पण एका डोळ्याची फट उघडी ठेवून. समोर कोण माना डोलावतंय ते त्याला बघायचं असे. लहानपणी थोडे दिवस ख्याल शिकला म्हणून आम्ही त्याला बुवा म्हणायचो. गंडा बांधायच्या आधीच गुरूंशी भांडून हा बाहेर पडला, आणि मुलाखतीत मात्र कानाची पाळी धरून त्यांचं नाव घ्यायचा.

गळा होता, हे नाकारत नाही. आमचं शहर हिंदी मुलखातलं, तिथल्या दाल बाजारात एका दुकानाच्या माडीवर आमची तालीम चालायची. बुवा संथ आलाप घ्यायचा, खाली गिटार घरघरत राहायची, आणि मग मी ड्रमवर माधवगंजच्या गणपतीतला ताशा उतरवायचो. हीच पुढे बँडची शैली म्हणून गाजली. बुवा मुलाखतीत ‘माझी शैली’ म्हणायचा.

“पब्लिकला मजा आली पाहिजे, बाकी सब चलता है,” हे त्याचं पालुपद. सूर घसरला तरी हेच, कुणाचं मन दुखावलं तरी हेच.

आम्हाला नाव मिळालं ते माझ्या गाण्यामुळे. माझे बाबा पडावच्या बस स्टँडवर तिकिटांच्या बुकिंगला बसतात. निघताना रोज घरी फोन करायचे, “मी येऊन राहिलो, वरण गरम करून ठेव.” आई गेल्यावर तो फोन मला येऊ लागला. त्या ‘येऊन राहिलो’वर मी गाणं बांधलं. पुण्याकडे ‘येतोय’ म्हणतात हे आम्हाला ठाऊक होतं, पण आमच्या घरी तसं सांगून कधी कोणी आलं नव्हतं.

गाणं मोबाइलवर पसरलं आणि पुण्याहून बोलावणं आलं. बाबा इस्त्रीचा सदरा घालून पहिल्या रांगेत बसले. पहिल्याच ओळीला मागे कुठेतरी हसू फुटलं. बुवाच्या त्या उघड्या फटीने ते बरोबर टिपलं. त्याने गाणं थांबवलं.

“आमच्या ड्रमरचे बाबा असंच बोलतात,” असं सांगून त्याने कानाशी हात नेला आणि फोनवर ओरडणाऱ्या बाबांची हुबेहूब नक्कल केली. सगळा हॉल हसला. बाबाही हसले, आजूबाजूला बघत बघत. मी काठ्या खाली ठेवल्या.

नंतर जाब विचारला तर म्हणाला, “तू पण ना यार. पब्लिकला मजा आली ना?”

मी त्याच दिवशी बँड सोडला. आता ती नक्कल प्रत्येक कार्यक्रमात असते, लोक तिची फर्माईश करतात. बुवाची पोस्टरं लागतात. ती दिसली की अजून माझं डोकं सणकतं.

बाबा त्याच्याबद्दल एक शब्दही वाईट बोलले नाहीत. फक्त पुण्याहून परतताना गाडीतच ते माझ्याशी हिंदीत बोलू लागले, ते आजतागायत. मी मराठीत विचारतो, ते हिंदीत उत्तर देतात. त्यांच्या तोंडून मराठी निघते ती आरतीपुरती. एकदा मी चिडून कारण विचारलं. त्यांनी चष्मा पुसला, परत डोळ्यांवर चढवला.

“हमारी मराठी अच्छी नहीं है, बेटा,” ते म्हणाले.