टायरांची घरघर

गाडी घेताना एकाच गाडीची दोन मॉडेलं आम्ही लागोपाठ चालवून पाहिली. साधं मॉडेल हायवेवर गपगुमान चाललं. महागड्याला डोंगर-चिखलासाठीचे जाडजूड टायर होते. ते काँक्रीटवर सारखे घरघरत होते आणि प्रत्येक खड्डा थेट कमरेत बसत होता. बायको म्हणाली, "हे नको रे." मला तेच हवं होतं, म्हणून मागे बसलेल्या आईकडे वळून विचारलं. "छान आहे की," ती म्हणाली. झालं, घेतली. डोंगर कसला डोंबलाचा! गाडी जाते अंधेरीहून दिंडोशीला, मावशीकडे.

परवा निघताना आई कानातलं मशीन काढायला लागली. का गं, म्हटलं. "गाडी सुरू झाली की यात फार घोंघावतं रे. नेहमी काढूनच बसते. तुला हीच हवी होती ना," असं म्हणून तिने मशीन डबीत ठेवलं. शरमेने माझेच कान तापले. एवढे महिने गाडीत मी मूर्खासारखा तिला ऑफिसातलं सगळं सांगत होतो.

हायवेला लागल्यावर मी म्हणालो, "चुकलं गं आई."

आरशात ती हसली आणि तिने नेहमीसारखी मान हलवली.