चालू ठेवलेला आवाज

हल्लीचे कॉम्प्युटर आवाज करत नाहीत, याचं मला मोठं दुःख होतं. आता नाही, पण गेल्या दिवाळीपर्यंत मी ते दुःख चारचौघांत अगदी मिरवायचो. लॅपटॉप मुका, सर्व्हर कुठल्या तरी भलत्याच देशात, आणि इथे परदेशात, क्वीन्सटाउन भागातल्या आमच्या ऑफिसात एवढी माणसं बसलेली असूनही वाचनालयात आल्यासारखं वाटतं. 'आमच्या वेळी असं नव्हतं' म्हणायचं वय झालं की माणसाला एक विषय लागतो. कुणाला आंबे मिळतात, कुणाला गाणी. मला कॉम्प्युटरची घरघर मिळाली.

नुसतं बोलून भागेना, तेव्हा मी एक जुना कॉम्प्युटरच पैदा केला. आम्ही राहतो त्या बुकित पंजांगला, आमच्या ब्लॉकमधल्या एका म्हाताऱ्याने घर आवरताना खाली व्हॉइड डेकवर, म्हणजे इमारतीखालच्या मोकळ्या जागेत, नको असलेलं सामान मांडून ठेवलं होतं. त्यात एक उंच, पिवळट पडलेला कॅबिनेट होता. मी तो मिठी मारून लिफ्टमधून वर आणला. बायकोने दार उघडलं, माझ्याकडे पाहिलं, कॅबिनेटकडे पाहिलं आणि म्हणाली, "माणसांना जागा पुरत नाही घरात, आणि तू हे धूड आणलंस?"

तरी मी तो उघडला, धूळ काढली, पंख्यांना तेल दिलं, कुठून तरी एक जुनी हार्ड डिस्क मिळवून आत बसवली. बटण दाबलं. आधी एक कुरकुर झाली, मग बारीक शीळ, आणि मग ती संथ, एकसुरी घरघर खोलीभर पसरली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. हे लिहिताना आता कानकोंडं व्हायला होतं, पण आलं होतं खरं.

त्या कॉम्प्युटरवर मी काहीही करत नव्हतो. करण्यासारखं त्याच्यात काही उरलंही नव्हतं. मागच्या छोट्या खोलीत, पाहुण्यांच्या पलंगाशेजारी तो नुसता चालू असायचा. संध्याकाळी मी लॅपटॉप घेऊन त्याच्यासमोर बसायचो, ऑफिसचं काम लॅपटॉपवर आणि आवाज त्याचा. तो मी बंदही करत नसे, कारण इतकी जुनी डिस्क एकदा थांबली की पुन्हा फिरेल याचा भरवसा नसतो.

मग आई आली. बाबा गेल्यावर ती पुण्यात एकटी पडली होती. आता तिने कायमचं आमच्याकडे राहावं असं मी ठरवलं. मी ठरवलं, हे महत्त्वाचं. तिने फक्त 'येऊन बघते' म्हटलं होतं. तिच्या इथे राहण्याच्या परवान्याचे, लाँग टर्म पासचे, कागद मी तयार करत आणले होते. ती छोटी खोली तिची झाली. पहिल्याच दिवशी तिची बॅग आत ठेवताना मी तिला बजावलं, "आई, बाकी काहीही कर, पण हा बंद करायचा नाही. चुकूनसुद्धा नाही."

ती कॅबिनेटवर आपली पर्स ठेवणार होती. तिने हात मागे घेतला.

"आईंना त्रास होईल रे," बायको मला बाजूला घेऊन म्हणाली. "हॉलमध्ये आण तो."

"आईला सवय आहे," मी म्हणालो.

मला ते मनापासून वाटत होतं. मी इंजिनिअरिंगला असताना पुण्याच्या आमच्या दोन खोल्यांत असाच एक कॉम्प्युटर होता. आईने जुन्या साडीचं कव्हर शिवलं होतं त्याला, आणि चपला घालून कुणी त्याच्याजवळ गेलेलं तिला चालायचं नाही. मी त्याच्यासमोर बसायचो आणि त्याच खोलीत आई नि बाबा जमिनीवर गादी घालून झोपायचे. ती घरघर म्हणजे माझं सुखाचं वय. त्या आवाजात त्या दोघांना झोप लागायची की नाही, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही आणि इतक्या वर्षांतही नाही. आई एवढंच म्हणायची, "मशीन चालू आहे म्हणजे पोरगा अभ्यास करतोय."

दसऱ्याला तिने लिटल इंडियातून झेंडू आणवले आणि त्या कॅबिनेटची पूजा केली. हळद-कुंकू वाहिलं, फूल ठेवलं, हात जोडले. म्हणाली, "याच्यावर आपलं घर चालतं." माझा लॅपटॉप, ज्याच्यावर घर खरोखर चालतं, तो बॅगेत पडून होता. मी तिला काही सांगितलं नाही. मला त्या प्रकाराची इतकी गंमत वाटली की मी फोटो काढला आणि मित्रांच्या ग्रुपवर टाकला. सगळ्यांनी भरभरून हसरे चेहरे पाठवले. आई तेव्हा पूजेचं ताम्हन विसळत होती.

त्या फोटोमुळेच इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमात मला बोलायला बोलावलं. आठवणींचा कार्यक्रम होता. मी बोललो, आणि चांगलं बोललो. त्या आवाजाला मी अंगाई म्हणालो. नवीन मशीन शांत झाल्या आणि आपण आतून अस्वस्थ झालो, असलं काहीतरीही म्हणालो. लोक माना डोलावत होते. पहिल्या रांगेत आई होती, नवी पैठणी नेसून, आणि तिची मान हळूहळू खाली येत होती. माझं भाषण रंगात आलं तेव्हा ती शेजारच्या बाईंच्या खांद्यावर गाढ झोपलेली होती. "काकूंना अंगाई लागू पडली!" कुणीतरी मागून ओरडलं आणि सभागृह खो खो हसलं.

मीही हसलो. टॅक्सीत मात्र मी तोंड सोडलं. "एवढं दहा मिनिटं जागं राहायला काय होत होतं तुला? घरात दिवसभर काम तरी काय असतं?"

"चुकलंच माझं," आई म्हणाली.

बायको माझ्याकडे बघत होती, ती आपल्या बाजूच्या खिडकीतून बाहेर बघायला लागली.

दुसऱ्या दिवशी नाश्त्याला आईने सांगितलं की तिला परत जायचंय. इथे करमत नाही. हवा मानवत नाही. पुण्यातलं घर बंद राहून खराब होईल. मी एकेक कारण खोडून काढत गेलो आणि ती नवीन काढत गेली. शेवटी मी चिडलो. मी तिच्यासाठी एवढं करतोय आणि तिला त्याची किंमत नाही, असं तिला म्हणालो नाही, पण बायकोला दोनदा म्हणालो. आणि रागारागाने तिचं तिकीट काढून टाकलं, महिन्याअखेरचं.

त्यानंतर एका दुपारी ऑफिसातली मीटिंग रद्द झाली आणि मी लवकर निघालो. बुकित पंजांगला एमआरटीतून, म्हणजे मेट्रोतून, उतरून वर एलआरटीत बसलो. आमच्या भागातली ही छोटी, बिनड्रायव्हरची गाडी ब्लॉकच्या मधून वाट काढत एक फेरी मारते आणि पुन्हा तिथेच येते. दुपारी डबा रिकामा असतो. एका टोकाला एक चिनी आजी भाजीची ट्रॉली पायाशी धरून बसल्या होत्या आणि त्यांच्या शेजारी माझी आई होती.

ती झोपली होती. डोकं काचेला टेकलेलं, पर्स दोन्ही हातांनी पोटाशी धरलेली, तोंड किंचित उघडं. पुण्यात बाबांच्या आजारपणात रुग्णालयाच्या बाकावर झोपलेली मी तिला पाहिली होती, पण ती झोपही इतकी गाढ नव्हती.

मी समोर बसलो. तिला उठवावं म्हणून पुढे वाकलो तेवढ्यात माझा फोन वाजला. चिनी आजींनी डोळे वटारले.

"अय्यो, फोन ऑफ लाह! आंटी स्लीपिंग."

मी फोन बंद केला. गाडी ब्लॉकच्या अगदी जवळून जायला लागली तशा डब्याच्या काचा आपोआप धुरकट झाल्या. लोकांच्या घरात कुणाची नजर जाऊ नये म्हणून इथे तशी सोय आहे. आजी आता जरा मवाळ झाल्या होत्या.

"एव्हरी आफ्टरनून शी कम हिअर अँड स्लीप," त्या दबक्या आवाजात म्हणाल्या. "राउंड अँड राउंड. अॅट होम कॅनॉट स्लीप. हर सन गॉट बिग मशीन इन द रूम, होल नाइट उउउउ..." त्यांनी ओठांचा चंबू करून तो आवाज काढून दाखवला. हुबेहूब काढला. "आय टेल हर, ऑफ इट लाह! शी से कॅनॉट. सन्स वर्क. सन विल स्कोल्ड."

माझ्या आईचं इंग्रजी शाळेतलं, तेही मोडकंतोडकं. एवढं सगळं तिने या बाईंना कसं समजावलं असेल, किती हातवारे केले असतील, आणि त्यासाठी दोघी किती दुपारी शेजारी बसल्या असतील. माझ्या घरात एवढे दिवस राहून, माझ्याच भाषेत, ती हे मला बोलली नव्हती. बोलली असती तर मी काय केलं असतं, हे मला तिथे बसल्या बसल्या नीट दिसलं. मी म्हणालो असतो, "तुला तर सवय आहे."

आजींनी माझ्या गळ्यातल्या ऑफिसच्या पासाकडे पाहिलं, मग माझ्या चेहऱ्याकडे. "यू नो हर?"

"नो," मी म्हणालो.

एवढंच. विचार करून म्हणालो असं नाही, पण तोंडातून गेलं ते तेच गेलं. सख्ख्या आईला मी ओळखत नाही म्हणालो, का, तर एका अनोळखी बाईने मला वाईट मुलगा म्हणू नये. लाजेने मेल्याहून मेल्यासारखं होतं म्हणतात, तसं झालं. पण तेवढं होऊनही मी शब्द मागे घेतला नाही. 'ती माझी आई आहे', चार शब्द, इंग्रजीतही चारच. आमचं स्टेशन आलं तसा मी खाली मान घालून उतरलो आणि गाडी आईला घेऊन पुढे गेली.

घरी येऊन मी सरळ मागच्या खोलीत गेलो. तो चालूच होता. दाराबाहेर उभं राहून आवाज ऐकला तर अजूनही गोडच वाटला. मग आईच्या पलंगावर आडवा झालो, उशीवर डोकं ठेवलं. कॅबिनेटचा मागचा पंखा उशीपासून हातभर अंतरावर होता. गरम वारा कपाळावर येत होता आणि दातांत थरथर जाणवत होती. मी थोडा वेळही तसा पडू शकलो नाही. उठून मेन स्विच बंद केला. डिस्क टकटकली आणि थांबली.

आई आली तेव्हा हातात कोथिंबिरीची जुडी होती. "जरा फिरून आले," ती म्हणाली आणि आत गेली. आत गेली ती दारातच थबकली. तशीच उलट्या पावली बाहेर आली.

"अरे, मी जाताना चालू होता," ती घाईघाईने म्हणाली. "मी हात नाही लावला. देवाशपथ."

सत्तरीच्या बाईने मुलाच्या घरात शपथ घ्यावी!

"मीच बंद केला, आई."

"बिघडला का?"

"नाही. आता चालू करायचाच नाही."

"मग तुझं काम?"

"त्याच्यावर काम नव्हतंच गं. काम लॅपटॉपवर असतं."

"मग तो कशाला होता?"

याच विषयावर मी मंडळाच्या लोकांना माना डोलवायला लावल्या होत्या. "आवाजासाठी," मी म्हणालो.

"आवाजासाठी," आई म्हणाली. तिने कोथिंबीर ओट्यावर ठेवली आणि निवडायला घेतली. तिने काहीतरी लागट बोलावं म्हणून मी उभा राहिलो, पण ती काड्या बाजूला काढत राहिली.

"आता तुला नीट झोप लागेल," मी म्हणालो.

तिचे हात थांबले. "मला झोप लागत नाही हे तुला कुणी सांगितलं?"

मी आज तुझ्यासमोर बसलो होतो. मी तुला ओळख दिली नाही. हे सांगायला त्याहून चांगली वेळ येणार नव्हती. ती माझ्याकडे बघत होती आणि घरात दुसरं कुणी नव्हतं.

"सांगायला कशाला हवं?" मी म्हणालो. "मला कळत नाही का?"

आईचा चेहरा असा उजळला की मला तिकडे बघवेना. तिने ओला हात पदराला पुसला आणि माझ्या गालावरून फिरवला. "तुझ्या बाबांना सगळं तोंडाने सांगावं लागायचं," ती म्हणाली. आणि पुन्हा कोथिंबिरीकडे बघत, "राहते मग मी. तू म्हणतोस तर राहते."

मी मान हलवली आणि तिकीट रद्द करायला माझ्या खोलीत जाऊन लॅपटॉप उघडला. पलीकडे आईने तिच्या खोलीतून पुण्याला मावशीला फोन लावला. ती फोनवर नेहमी मोठ्याने बोलते. इतके दिवस त्या घरघरीत तिचं बोलणं मला कधी ऐकू आलं नव्हतं.

"नाही गं, एका शब्दाने बोलले नाही मी," ती मावशीला सांगत होती. "त्याचं त्यालाच कळलं. आईचं पोराला कळतंच गं." मग ती हसली, आणि तेच पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागली.